दसऱ्याचं तोरण घरी: झेंडू, आंब्याची पानं आणि नव्या भाताच्या लोंब्या

दसऱ्याच्या सकाळी बांधलेलं तोरण दुपारपर्यंत मध्ये लोंबायला लागतं, पानं आडवी फिरतात, दुसऱ्या दिवशी फुलांमध्ये दोरा दिसू लागतो. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: फुलं, पानं आणि सगळं वजन एकाच दोऱ्यावर टाकलेलं असतं. फूल सुकून आक्रसतं, पान सुकून हलकं होतं, दोरा मात्र तेवढाच राहतो. म्हणून इथे जी पद्धत दिली आहे तिच्यात वजन पेलणारी दोरी वेगळी आहे आणि फुलांची माळ वेगळी. थोडं काम वाढतं, पण तोरण कोजागरीपर्यंत नीट टिकतं. सुकलेलं असलं तरी आकार धरून असतं.

लोंब्या घेण्याचं कारण सण स्वतःच सांगतो. दसऱ्याच्या सुमारास कोकणात हळवा, म्हणजे लवकर पिकणारा भात तयार झालेला असतो. तिथे भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, झेंडू आणि कुरडू या रानफुलाचा तुरा एकत्र बांधून दारावर लावतात, त्याला ‘नवं’ म्हणतात. कुठे ते दसऱ्याला बांधतात, कुठे नव्याच्या पुनवेला, म्हणजे कोजागरीला. घाटावर भात नसेल तिथे बाजरीचं लहान कणीस चालतं. तोरणात त्या हंगामाचं धान्य असलं की ते दसऱ्याचं तोरण होतं. नुसत्या झेंडूचं तोरण काय, कुठल्याही सणाला लागतं.

माप आधी, बाजार नंतर

चौकटीची बाहेरची रुंदी मोजा. खालचा सगळा हिशेब साडेतीन फुटांचा, म्हणजे ४२ इंचांचा आहे. तुमचं दार लहान-मोठं असेल तर त्या प्रमाणात फुलं आणि पानं कमी-जास्त करा.

मग उंची मोजा. चौकटीची आतली उंची बऱ्याच घरांत ७ फूट, म्हणजे ८४ इंच असते. तोरण मध्ये ३ इंच झुकलं आणि त्याखाली ६ इंच पान लोंबलं तर खालचं टोक साधारण ७५ इंचांवर येतं. सहा फुटी माणूस वाकल्याशिवाय आत येऊ शकतो, पण जेमतेम. त्यामुळे मधल्या भागात फुलांच्या लडी सोडू नका. लडी सोडायच्या असतील तर दोन्ही कडांना सोडा, तिथे त्या लांब असल्या तरी कुणाच्या तोंडावर येत नाहीत.

फ्लॅटमध्ये आणखी एक गोष्ट बघावी लागते. लोखंडी जाळीचं दार बाहेर उघडत असेल तर चौकटीवर लावलेली कडेची माळ बिजागरीत चिरडते. तिथे तोरण चौकटीच्या वर भिंतीवर घ्या, किंवा बिजागरीच्या बाजूची माळ अर्धी ठेवा.

साहित्य

झेंडू एक किलो. मोठं, भरलेलं फूल साधारण ८ ते १२ ग्रॅमचं असतं, त्यामुळे किलोत ८० ते १२० फुलं येतात. आपल्याला लागतात ७८ : वरच्या माळेला ३४, कडेच्या दोन माळांना १९-१९ आणि कोपऱ्यातल्या गुच्छांना तीन-तीन. फुलं फारच मोठी असतील, किंवा आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल, तर दीड किलो घ्या, कारण त्यातली बरीच टाकावी लागतील.

आंब्याची पानं २५ घ्या, वापरायची १७. भाताच्या लोंब्या १९, प्रत्येकीला दहा-बारा इंच काडी असू द्या. कुरडूचे तुरे मिळाले तर सहा. सुतळी ५ फूट. गोधडीचा जाड सुती दोरा १० मीटर. हार ओवायची लांब सुई, ती नसेल तर बारीक दाभण. खराट्याचे चार-पाच हीर. दोन-चार रबरबँड. कात्री.

नायलॉनचा दोरा घेऊ नका. तो बळकट असतो, पण गुळगुळीत आणि कडक असल्यामुळे फुलाच्या मऊ देठाला आतून कापत जातो आणि गाठही सरकते. सुती दोरा फुलातलं पाणी थोडं शोषून घेऊन फुगतो आणि फूल जागच्या जागी राहतं.

फुलं निवडताना

दादरच्या फुलबाजारात काय किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात काय, दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचे ढीग डोंगराएवढे असतात आणि त्या गर्दीत फूल उलटून बघायला कुणाला वेळ नसतो. पण नेमकं तेच करायचं असतं. फुलाचा वरचा भाग सगळ्यांचाच छान दिसतो. उलटं करून देठाजवळची हिरवी वाटी चिमटीत धरा. ती टणक आणि कोरडी असेल तर फूल दोन-तीन दिवस चालेल. ती मऊ लागली, किंवा तिच्या कडेला तपकिरी डाग असेल, तर आतून सडायला सुरुवात झाली आहे.

परतीच्या पावसात भिजलेला झेंडू ओळखायला दुसरी खूण म्हणजे वजन. मूठभर फुलं उचलून हलकेच झटका. थेंब उडाले तर तुम्ही पाण्याचेही पैसे देताय, आणि तेच पाणी पाकळ्यांच्या तळाशी राहून फूल रात्रीत काळं करणार आहे. भिजलेली फुलं घ्यावीच लागली तर घरी आल्या आल्या वर्तमानपत्रावर एकेरी थरात, देठ वर करून पसरा आणि पंखा लावा. प्लास्टिकच्या पिशवीत तशीच ठेवलेली फुलं तास-दोन तासांत हाताला गरम लागतात. ढिगातल्या फुलांचा श्वास आणि ओल दोन्ही आत कोंडलेली असतात. सड तिथूनच सुरू होते.

केशरी आणि पिवळा असे दोन रंग अर्धे-अर्धे घ्या. बाजारात ज्याला कलकत्ता झेंडू म्हणतात तो गच्च भरलेला असतो, तो या कामाला उत्तम. बारीक, तांबूस-पिवळा मखमली झेंडू दिसायला फार सुंदर, पण त्याची वाटी अरुंद असल्यामुळे माळेत तो पटकन चिरतो. तो पूजेच्या ताटात ठेवा.

पानं

आंब्याचं पान ७ ते ८ इंच लांब, पूर्ण वाढलेलं, गडद हिरवं हवं. कोवळं, तांबूस झाक असलेलं पान तोडताना मोह पाडतं, पण दुपारपर्यंत मलूल होऊन चिंधीसारखं लोंबतं. ज्यांच्यावर बारीक गाठी किंवा काळे डाग आहेत तीही बाजूला काढा. देठासकट तोडा. तोडताना देठातून जो चीक येतो तो काहींच्या अंगाला लागला की खाज येते, पुरळ उठतं. म्हणून पानं तोडल्यावर धुऊन घ्या आणि हात साबणाने धुवा. मुलांना हे काम देताना तर नक्कीच.

धुतलेली पानं पुसून फडक्यात गुंडाळून तास-दोन तास ठेवा. ताजं पान टरटरीत असतं, ते दुमडायला गेलं की मधली शीर कट्कन मोडते आणि पान तिथेच फाटतं. थोडं नरमलं की निमूट वळतं.

आधारदोरी

सुतळीचा ५ फुटांचा तुकडा घेऊन दोन्ही हातांनी ओढून चांगला ताणा. नव्या सुतळीचा पीळ पहिल्या वजनाला बसतो आणि ती लांबते, ते आधीच होऊन जाऊ दे. मग मधोमध एक खूण करा. तिथून दोन्हीकडे अडीच-अडीच इंचांवर पेनाने खुणा करत जा, प्रत्येक बाजूला आठ. अशा १७ खुणा होतात, ४० इंच जागा व्यापतात आणि कडेला एकेक इंच उरतो. त्यापलीकडची सुतळी खिळ्याला बांधायला.

आता पान. चकचकीत बाजू तुमच्याकडे, देठ वर. देठाकडचा दोन इंच भाग सुतळीवरून मागे दुमडा, म्हणजे सुतळी घडीत बसेल. हिराचा दीड इंचाचा तुकडा घ्या. सुतळीच्या लगेच खाली, पानाच्या डाव्या अंगाने दोन्ही थरांतून मागे घाला, मधल्या शिरेच्या मागून न्या आणि उजव्या अंगाने पुढे काढा. कापडाला टाका घालतात तसाच हा टाका. शीर हिराच्या पुढे राहिली पाहिजे, कारण पान सुकल्यावर पात्याला ताकद उरत नाही, ओझं शीरच धरते. नुसत्या पात्यात हीर खोचला तर दुसऱ्या दिवशी भोक मोठं होऊन पान गळून पडतं.

विकतच्या तोरणात पान एका भोकातून दोऱ्यात ओवलेलं असतं. एका बिंदूवर लटकलेलं पान वाऱ्याने गिरकी घेतं आणि त्याची कड समोर येते. दुमडून टाचलेलं पान फिरूच शकत नाही. शिवाय एखादं पान खराब झालं तर हीर काढून तेवढंच बदलता येतं, अख्खं तोरण सोडावं लागत नाही. काम कंटाळवाणं आहे हे खरं, पण तोरणाचं रूप इथेच ठरतं. इथे घाई करू नका.

फुलांच्या माळा

देठ कापताना पाव इंच ठेवा. अगदी वाटीला लागून कापला तर वाटीची मूठ सुटते आणि पाकळ्या झडतात. लांब ठेवला तर पुढच्या फुलाला टोचतो आणि माळेत फट राहते.

सुई कुठून घालायची याला एक सोपा नियम आहे. फुलाचं तोंड गाठीकडे हवं असेल तर सुई तोंडाकडून घाला, गाठीपासून लांब हवं असेल तर देठाकडून. कुठूनही घातली तरी ती वाटीच्या मधोमध जायला हवी. पाकळ्यांतून तिरकी गेली तर फूल दोऱ्यावर चाकासारखं फिरतं आणि थोड्या वेळात निसटतं.

वरच्या माळेसाठी दोरा ९ फूट घेऊन दुहेरी करा, म्हणजे साडेचार फूट होतो. टोकाला सहा इंच सोडून गाठ मारा. पहिली १७ फुलं तोंडाकडून ओवा, नंतरची १७ देठाकडून. यामुळे डाव्या अर्ध्या भागातली फुलं डावीकडे बघतात, उजव्या भागातली उजवीकडे, आणि मध्यावर दोन फुलं पाठीला पाठ लावून येतात. ही मधली जोडणी थोडी उघडी दिसते, तिच्यावर लोंब्यांचा गुच्छ बसणार आहे. फुलं बोटांनी सरकवून घट्ट बसवा, एकाची वाटी दुसऱ्याच्या पाकळ्यांत शिरली पाहिजे. असं बसवलं की एका फुलाला साधारण सव्वा इंच लागतो आणि ३४ फुलांत दार पूर्ण होतं. माळ दीड-दोन इंच कमी भरली तर एक फूल वाढवा, सैल सोडून लांबी भरून काढू नका. सुकल्यावर त्या फटी दुप्पट होतात.

कडेच्या माळा दोन-दोन फुटांच्या. इथे खालच्या टोकाला नुसती गाठ पुरत नाही, मऊ फुलातून ती आरपार निघून येते. आधी हिराचा पाऊण इंचाचा तुकडा दोऱ्याला आडवा बांधा, मग पहिलं फूल तोंडाकडून ओवून त्या तुकड्यापर्यंत आणा. तो पाकळ्यांत दडतो आणि वरच्या १८ फुलांचं वजन धरतो. नऊ-दहा फुलं झाली की दोरा त्या फुलाच्या वाटीतून पुन्हा एकदा फिरवून घ्या. नाहीतर फुलं आक्रसली की सगळी खाली सरकतात आणि वरचा चार-पाच इंच दोरा उघडा पडतो.

लोंब्यांचे गुच्छ

लोंबी हिरवट-पिवळी, दाणा भरलेली पण पूर्ण न पिकलेली निवडा. पूर्ण पिकलेल्या लोंबीचे दाणे हात लागला तरी गळतात आणि उंबऱ्यावर सडा पडतो. काडीवरचं पातं सोलून टाका. कोपऱ्यांसाठी सात-सात, मध्यासाठी पाच. कोपऱ्याच्या गुच्छात तीन-तीन कुरडूचे तुरे घाला, ते सुकल्यावरही गुलाबी-पांढरे राहतात.

गुच्छ नुसत्या सुतळीने बांधला तर दोन दिवसांत काड्या सुकून बारीक होतात आणि लोंब्या एकेक करून निसटतात. आधी रबरबँड तीन-चार वेढे देऊन घट्ट बसवा, वरून सुतळीने झाका. काड्या आक्रसतात तसा रबरही आवळतो. शेवटी कोपऱ्यांच्या गुच्छांवर तीन झेंडू एकत्र बांधून गाठ झाका.

जोडणी आणि टांगणी

वरची माळ आधारदोरीच्या पुढे धरून दर सहा इंचांवर बांधा. सहा इंच दोऱ्याचा तुकडा दोन फुलांच्या मधून घाला, माळेचा दोरा आणि सुतळी दोन्ही धरून मागे गाठ मारा. कडेच्या माळा मात्र आधारदोरीला बांधू नका, त्या थेट खिळ्यावर किंवा हुकावर जातात.

आता ताणाचा हिशेब. पानांसकट वरच्या माळेचं वजन साधारण ४०० ग्रॅम होतं. मध्ये ३ इंच झोळ ठेवला तर प्रत्येक टोकाला आडवा ओढा ७०० ग्रॅमच्या आसपास येतो. दोरी ताठ दिसावी म्हणून झोळ १ इंचावर आणला तर तोच ओढा दोन किलोंच्या वर जातो. म्हणून ताणून बांधलेलं तोरण हमखास हुक उपटून खाली येतं. ३ इंच झोळ येण्यासाठी सुतळी दाराच्या रुंदीपेक्षा फक्त अर्धा इंच जास्त लागते. उलट बांधताना चुकून दोन इंच सैल राहिली तर झोळ साडेपाच इंचांच्या पुढे जातो. म्हणून एका टोकाला पक्की गाठ मारा, दुसऱ्या टोकाला सरकफास ठेवा, लांबून बघा, मग आवळा. गणेशपट्टीच्या, म्हणजे चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीच्या मध्यावर खिळा असेल तर त्याचा आधार जरूर घ्या, तोरणाला दोन सुंदर कमानी मिळतात आणि ओढाही कमी होतो.

लाकडी चौकटीत दीड इंची खिळा, डोकं किंचित वर राहील असा तिरका ठोका. चिकट हुक वापरणार असाल तर दोन किलो पेलणारे घ्या, भिंत कोरड्या फडक्याने पुसा आणि हुक आदल्या दिवशीच लावा. लावल्या लावल्या वजन टाकलं तर डिंक धरत नाही. पोपडे येणाऱ्या रंगावर ते टिकतच नाहीत.

तोरण आदल्या रात्री करून ठेवायचं असेल तर ओलसर, पिळलेल्या सुती फडक्यात सैल गुंडाळून थंड जागी परातीत ठेवा. दुसऱ्या दिवसापासून पाणी मारायचं ते पानांवर. फुलांवर शिंपडलेलं पाणी पाकळ्यांत अडकून त्यांना सडवतं, आणि ओल्या झेंडूचा पिवळा डाग पांढऱ्या भिंतीवरून सहज जात नाही. दार पश्चिमेला असेल तर पानांच्या कडा संध्याकाळपर्यंत वळणारच. तिथे १७ ऐवजी २१ पानं दाट लावली तर वळलेली पानं एकमेकांना झाकतात.

आपटा तोरणात लावायचा असेल तर तीन-चार पानांची एक जुडी कोपऱ्यात पुरे. खरा आपटा लहान, जाडसर, थोडा खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंद असतो. बाजारात त्याच्या नावाने कांचनाच्या मोठ्या पानांच्या फांद्या बऱ्याचदा विकल्या जातात. फांद्या ओरबाडलेल्या विकत घेऊ नका. पानं खुडली तर झाड भरून येतं, फांद्या मोडत राहिल्या तर खुरटतं.

उरलेल्या फुलांची एक छोटी माळ गाडीला लागतेच. दुचाकीला ती हेडलाइटच्या वरच्या भागाला बांधा. ब्रेकच्या दांड्याभोवती किंवा हँडल वळतं तिथे दोरा जाऊ देऊ नका, आणि निघण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

तोरण उतरवल्यावर हीर, रबरबँड आणि दोरे वेगळे करा, फुलं-पानं झाडाच्या बुंध्याशी किंवा खतात घाला. पूर्ण उमललेली, तोरणावरच कोरडी झालेली चार फुलं ठेवली तर त्यांच्या वाटीत काळं बी आणि त्याला पांढुरकी शेपटी सापडते. पावसाच्या सुरुवातीला ते कुंडीत पेरा. संकरित झेंडूची रोपं मूळ फुलासारखीच निघतील असं नाही, पण फुलं येतात. लोंब्या गॅलरीत टांगल्या की चिमण्या दाणे साफ करतात. खुणा केलेली सुतळी झटकून ठेवा. दसऱ्यानंतर वीस दिवसांनी लक्ष्मीपूजन आहे, तेव्हा मोजमाप पुन्हा करावं लागणार नाही.